वर्षाच्या फटीत

वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं, असं वार्षिकीच्या कचेरीत कुणीच मानत नसे. तिथलं वर्ष डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपायचं, आणि तेही मालकांनी आरडाओरडा केल्यावर. वर्षभरातली ठळक माणसं आणि ठळक घडामोडी एका जाडजूड पुस्तकात बांधून ते एक जानेवारीला दुकानांत मांडलेलं असलंच पाहिजे, हा मालकांचा हट्ट. छपाई, बांधणी, गाड्या भरणं हे सगळं धरून मागे मोजत आलं की वर्षाची शेपटी कापावीच लागे. त्या कापलेल्या दिवसांत कुणी शोध लावला किंवा सामना जिंकला तर फारसं अडत नसे. शोध पुढच्या वर्षीही शोधच राहतो. पंचाईत व्हायची ती मरणाऱ्यांची. पुस्तकाचं शेवटचं पान 'निरोप'. त्या वर्षी गेलेल्यांना तिथे चार-चार ओळी मिळत. पान बंद झाल्यावर जो गेला तो या पुस्तकात नाही, आणि पुढचं पुस्तक एक जानेवारीपासून सुरू होणार म्हणून त्यातही नाही. अशांना कचेरीत 'फटीत गेलेले' म्हणत. ऐकायला वाईट वाटतं, पण रोज तेच काम करणाऱ्यांची जीभ जरा निबर होतेच.

हे पान संपादकबाई स्वतः लावत. बाई नियमाला पक्क्या. एकदा एका नावाजलेल्या नटाचा मुलगा तावातावाने कचेरीत आला होता. त्याचे वडील वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गेले आणि दोन्हीकडून राहिले. बाईंनी त्याला चहा पाजला, नियम समजावला आणि हात हलवत परत पाठवलं. एकाला मागच्या दाराने घेतलं की दाराशी रांग लागते, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं होतं असंही नाही.

त्या वर्षी पान लावायला घेतलं आणि बाईंचे वडील न्हाणीघरात घसरले.

त्यांना सगळे नाना म्हणत. इंजिनीयर माणूस. तरुणपणी त्यांनी हातपंपासाठी एक वॉशर काढला होता. तो बदलायला सगळा पाइप वर उपसावा लागत नसे. पाना असला की कुणीही बदलावा. 'नानांचा वॉशर' खेडोपाडी पोचला, नानांना पदक मिळालं, आणि पुढची सगळी वर्षं ते पदक आणि तो वॉशर घरात दोन जास्तीच्या नातेवाइकांसारखे राहिले. नानांना आपल्या मोठेपणाची जाण होती. जरा जास्तच होती. दर जानेवारीला ते लेकीने दिलेली वार्षिकी मागून उघडायचे आणि 'निरोप' वाचताना पेन्सिलीने शेरे मारायचे. "हा आला? याने काय केलं? पूल बांधला, तोसुद्धा पडला." आदल्या वर्षी त्यांच्याबरोबरचा एक पवनचक्कीवाला गेला आणि त्याला चारांऐवजी सहा ओळी मिळाल्या, तेव्हा नाना लेकीशी आठवडाभर धड बोलले नव्हते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, छान झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता यांनी खायचं आणि उभं राहायचं. बाकी माझ्या हातात फार काही नाही."

नाना खाईनात. आधी वाटलं, औषधांनी तोंडाची चव गेली असेल. बाईंची आई सूप घेऊन जायची, उकडलेलं अंडं घेऊन जायची, आणि झाकण न उघडलेले डबे परत आणायची. उभं राहायचं म्हटलं की नाना डोळे मिटून घ्यायचे. व्यायाम करवून घेणारा मुलगा रोज येऊन रोज परत जायचा. नानांचं अंग उतरायला लागलं, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं, तेव्हा बाई रोज सकाळी कचेरीच्या आधी दवाखान्यात जाऊन बसायला लागल्या.

एका सकाळी नानांनी सहज विचारावं तसं विचारलं, "यंदा पान कधी बंद?"

"बारा तारखेला," बाई उशी सारखी करत म्हणाल्या.

"गर्दी कितपत आहे?"

"कसली गर्दी?"

"मोठं कोण कोण गेलंय गं? ती खाडी पोहून जाणारी, तिचे गुरू गेले, ते मी वाचलं. आणि तो बुडीत बँकेचा अध्यक्ष. बाकी वर्ष तसं रिकामंच दिसतंय." नाना छताकडे बघत होते. "पुढच्या वर्षाचं काय सांगावं? एखादा नट-बिट गेला तर माझं दोन ओळींत उरकाल. यंदा जागा ऐसपैस आहे."

बाईंना आधी हसू आलं. मग त्यांनी वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. म्हातारा थट्टा करत नव्हता. सूप का नको, अंडं का नको, उभं का राहायचं नाही, सगळ्याचा उलगडा झाला. नाना वेळेत पोचायच्या खटपटीत होते.

"नाना, हे पुस्तक आहे, बसमधली खिडकीची जागा नाही!"

"ओरडू नकोस, शेजारच्या पेशंटला त्रास होतो. चौऱ्याऐंशी झाली माझी. कधीतरी जायचंच आहे, तर जरा हिशेबाने जावं, एवढंच म्हणतोय मी. माझं लिहून ठेवलंयस ना?"

ठेवलं होतं. बाईंनी नव्हे. वयोवृद्धांच्या ओळी आधीच लिहून ठेवायची कचेरीची पद्धतच होती, आणि नानांच्या चार ओळी मुद्रितं तपासणाऱ्या भिंगकाकांनी लिहिल्या होत्या. काका जन्मभर भिंगातून अक्षरं बघत आले, म्हणून हे नाव. जन्म, वॉशर, पदक, आणि मृत्यूच्या तारखेसाठी सोडलेली कोरी जागा. ती कोरी जागा बाईंना बघवत नसे.

दोन दिवस बाईंनी हरतऱ्हेने समजावलं. रागावल्या, रडल्या, आईला पुढे केलं. आई बिचारी पलंगाशी बसून म्हणाली, "माझं काय होईल याचा काही विचार?" त्यावर नाना म्हणाले, "तुला पेन्शन आहे." आई जी उठली ती बाहेर बाकावर जाऊन बसली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या बोलण्याने ती अशी कितीदा उठून गेली असेल, देव जाणे. पण त्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता.

बाईंनी मग जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या आणि पर्स खांद्यावरून उतरवायच्या आतच म्हणाल्या, "गेलं पान."

"कुठे?"

"छापायला. मालकांनी घाई केली. काल संध्याकाळी गेलं."

नानांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "माझ्याशिवाय?"

"तुम्ही जिवंत आहात, नाना."

"म्हणजे आता..."

"आता गेलात तर फटीत. ना या पुस्तकात, ना पुढच्या. एक जानेवारीनंतरचं पुढच्या वर्षी बघू."

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डबा तसाच राहिला. बाई खाली मान घालून कचेरीत आल्या. पान टेबलावर उघडंच पडलेलं होतं, तळाशी चार ओळींची जागा मोकळी होती, आणि बारा तारखेला अजून अवकाश होता. आपण वडिलांच्या तोंडाला पानं पुसली, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. त्यातून काही साधलं असतं तर गोष्ट वेगळी. साधलं तर काहीच नव्हतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज नुसता उडत होता. "जेवले! सगळं जेवले, आणि वर ओरडले, एवढंसंच आणलंस म्हणून!"

खोटं लागू पडलं होतं. एक जानेवारी गाठण्यासाठी का होईना, नाना जगायला तयार झाले होते. बाईंनी फोनवरच आईलाही सगळं सांगून टाकलं: पान बंद झाल्याची थाप, फट, पुढचं वर्ष. आई ऐकून घेत म्हणाली, "असू दे. कशासाठी का जेवेनात." पण आवाज जरा खाली आला होता.

बारा तारखेला पान खरंच गेलं. नानांच्या जागेवर एका आगबोटीच्या कप्तानाच्या चार ओळी बसल्या.

पुढचे दिवस चांगले गेले, अगदी मनापासून चांगले. नाना वॉकर धरून उभे राहिले आणि पहिल्याच दिवशी त्या वॉकरचा पाय कसा चुकीचा बसवलाय यावर व्यायामवाल्या मुलाशी हुज्जत घातली. घरी आले. गादीवर बसून आईशी पत्ते खेळले, हरल्यावर पानं पुन्हा वाटायला लावली. एकदा दुपारी बाई गेल्या तर आई स्वयंपाकघरात नुसतीच उभी होती. म्हणाली, "अगं, आज यांनी मला विचारलं, तुला कधी कंटाळा यायचा का? म्हणजे मी त्या वॉशरपायी गावोगाव फिरायचो तेव्हा."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, यायचा. फार यायचा. तर म्हणाले, सांगायचं नाहीस का? म्हटलं, कुणाला सांगू, घरात होतात कुठे?" आई हसली, मग लगेच हातानेच विषय झटकला. "वेळ जात नाही गं त्यांचा. एक तारखेची वाट बघतायत."

एक तारीख आली नाही. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी चहा होईपर्यंत म्हणून नाना खुर्चीत टेकले आणि चहा यायच्या आत गेले. छातीत गुठळी अडकली, डॉक्टर म्हणाले. तेव्हा वार्षिकीची छापील पुस्तकं बांधून गोदामात रचलेली होती.

माणसं येऊन-जाऊन घर रिकामं झालं, आणि नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी भिंगकाका आले. हातात नवी वार्षिकी होती. दरवर्षी नानांची प्रत तेच आणून देत. या वर्षीही आणल्यावाचून त्यांना राहवलं नसावं. आईने ती मांडीवर घेतली आणि मागून उघडली.

"यांचं नाव नाही ना यात?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे नाही. मी खोटं बोलले त्यांच्याशी. एवढी एक गोष्ट त्यांना हवी होती आणि ती मी त्यांच्याकडून काढून घेतली. आणि शेवटी गेले तेही फटीतच."

भिंगकाका चुळबुळले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू? मी नानांना भेटायला दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी जेवायला सुरुवात केली ना, त्याच दुपारी. तुम्ही त्यांना काय सांगितलंय हे मला ठाऊक नव्हतं हो. त्यांनी विचारलं, पान गेलं का? मी आपलं खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, छे, बारा तारखेपर्यंत उघडं आहे, तुमची लेकच लावतेय."

बाईंनी मान वर केली.

"मला वाटलं, आता कुणावर तरी राग काढणार. तर हसायला लागले. म्हणाले, ही मुलगी लहानपणी बरणी फोडली तरी आपण होऊन सांगायला यायची. आज माझ्यासाठी तोंडावर खोटं बोलली. मग मला म्हणाले, ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, मला आता ना हे पुस्तक हवं, ना पुढचं. आणि तिला सांगू नका मला कळलंय म्हणून, तिला वाटू दे आपलं जमलं." काकांनी आईकडे पाहिलं. "मग तुम्हाला हाक मारायला सांगितली, वहिनी. भूक लागलीय म्हणाले."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. आई मात्र कोरड्या डोळ्यांनी विचार करत होती. तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"म्हणजे तेव्हाच त्यांना ठाऊक होतं?" तिने काकांना विचारलं. "पत्ते खेळत होते, मला काहीबाही विचारत होते, तेव्हा? मिळत असलेली जागा आपण होऊन सोडून दिलेली असताना?"

"हो, वहिनी. सगळं ठाऊक होतं."

"आणि मी आपली समजत होते, माणूस तारखेची वाट बघत वेळ काढतोय," आई म्हणाली, आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली.