गौरम्माचा चेहरा, चंद्रप्पाचा अंगठा

देगलूरजवळच्या त्या ग्रामपंचायतीत संगणक दोन होते, पैकी चालू एक. खुर्च्या चार, त्यांचे पाय पंधरा. आणि बंद संगणकावर दसऱ्याची वाळलेली झेंडूची माळ एक. ऑपरेटर अक्षराने हे सगळं तालुक्याला कळवून झालं होतं.

गावातल्या राजकन्या नावाच्या मुलीच्या नर्सिंग प्रवेशाची मुदत आज पाच वाजता संपत होती. रहिवासी दाखल्यावर सरपंचांची सही हवी होती आणि सही संगणकाला जोडलेल्या अंगठ्याच्या यंत्रावरच होत होती. सरपंच होत्या गौरम्मा. पण नोंदणीच्या दिवशी सवयीप्रमाणे त्यांचे यजमान चंद्रप्पा पुढं सरले आणि अंगठा टेकवून मोकळे झाले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. तेव्हापासून यंत्राच्या लेखी गौरम्मा म्हणजे चंद्रप्पांचा अंगठा. आज सकाळपासून मात्र यंत्र चेहराही मागू लागलं होतं, आणि चेहरा त्याने गौरम्मांच्या ओळखपत्रावरून घेतला होता.

"अंगठा बदल की मग," चंद्रप्पा म्हणाले.

"अर्ज तालुक्याला जातो, साहेब. महिना लागतो."

"ताई, दोघांनाबी शेजारी बसू द्या ना," राजकन्या रडकुंडीला आली.

"दुसरं डोकं दिसलं की बंद पडतंय ते."

शेवटी चंद्रप्पा टेबलाखाली शिरले. गौरम्मा सरपंचांच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसल्या. त्यांच्या पदराआडून एक केसाळ हात वर आला. अक्षराने तो यंत्रावर नेऊन ठेवला.

"अगं, गुडघा लागून राहिलाय तुझा!"

"गप बसा. सरपंचाला पाय पसरायला जागा लागती."

पडद्याने डोळे मिचकवायला सांगितलं. गौरम्मांनी मिचकवले. पडदा हिरवा झाला.

राजकन्या दाखला घेऊन समोरच्या सेतू केंद्राकडं पळाली. चंद्रप्पा निघायला लागले, तसा गौरम्मांनी त्यांचा हात धरून ठेवला.

"अक्षरा, ह्यांनी दाबून ठेवल्यालं काय काय हाय?"

"अंगणवाडीचा नळ, काकू. शाळेचं छत. लई हाय."

"काढ समदं."

"अगं, कशावर सह्या करून राहिलीस?" टेबलाखालून आवाज आला.

"तुमाला काय करायचंय? अंगठा द्या."

राजकन्येचा अर्ज चार वाजून बावन्न मिनिटांनी दाखल झाला. साडेपाचपर्यंत आणखी तेवीस कागदांवर सह्या झाल्या. प्रत्येकाखाली यंत्राने एक ओळ छापली : चेहरा ९४ टक्के, अंगठा ९१ टक्के, व्यक्ती एक.