बुधवारची विनंती

चहाडी? मी? पन्नास वर्षांत कुणाची चहाडी केली नाही. जे सांगायचं ते देवाला सांगते, डोळे मिटून, मोठ्यानं. आमच्या जळगावच्या चर्चच्या मंडळीत बुधवारी बायांची प्रार्थना असते. आधी प्रत्येकीनं आपली विनंती सांगायची, मग प्रार्थना. जग कुठं चाललंय बघताय ना? त्या मेल्या मोबाइलनं पोरं पार वाया गेली. अशात कुणीतरी जागं राहायला नको? मी राहते.

म्हणूनच मला दिसलं. शेजारच्या कोकिळाची पोरगी दिपमाला, दवाखान्यात नर्स, धुळ्याला लग्न ठरलेलं, आणि तीन दिवस असोद्याच्या रस्त्यानं एका पोराच्या मोटरसायकलवर! माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. बुधवारी मी रडत रडत प्रार्थना केली, "प्रभू, दिपमालाचं पाऊल घसरतंय, तिला सावर." सगळ्या आमेन म्हणाल्या.

महिनाभरानं कोकिळा दारात. रडून डोळे सुजलेले. "बठ्ठं मोडनं वं अक्का, पोरीचं लग्न मोडलं. काय मागितलंत तुम्ही देवाकडे?" ती विनंती म्हणे धुळ्याच्या मंडळीतल्या बायांपर्यंत गेली. त्यांनीही दिपमालासाठी प्रार्थना केली, आणि तिची होणारी सासू तिथंच बसलेली.

"पण तो पोरगा कोण?" मी विचारलं.

"झुंबरबाईचा नातू. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्यात. दिपमाला ड्युटी संपली की मलमपट्टी करायला जाते. तो न्यायला येतो."

असोद्याची झुंबरबाई आमच्याच मंडळीतली. वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठीही मी दर बुधवारी प्रार्थना करते, आणि एकदाही तिच्या घरी गेले नाही. देवा रे, हे मी काय करून बसले!

तिथूनच धुळ्याला त्या सासूला, मंदाबाईंना, फोन लावला. सगळं सांगितलं. चूक माझी, पोरगी सोन्यासारखी आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "अक्का, आमच्या राकेशचा काल साखरपुडा झाला. दुसरीकडे."

तशीच कोकिळाबरोबर तिच्या घरी गेले. दिपमाला असोद्याला जायला पिशवीत बँडेज भरत होती. "चुकलं गं माझं," म्हणाले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिचे हात धरले, डोळे मिटले. "प्रभू, या लेकराला..."

तिनं हात सोडवून घेतले.

"नको अक्का," ती म्हणाली. "माझं नाव देवाला सांगू नका तुम्ही."