बिनखिडकीची खोली

क्लिफर्डला सल्ला विचारावा लागत नसे. जेवणाच्या टेबलावर नवा माणूस येऊन बसला, की सूप यायच्या आधीच त्याचा सल्ल्यांचा नळ सुरू होई.

"पहिलीच सफर ना? मग ऐका. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, घरून लोहचुंबक आणायचे, टोप्या टांगता येतात. समुद्र उसळला की हिरवं सफरचंद खायचं. कार्ड हरवलं तर रडत बसायचं नाही, रिसेप्शनवर जायचं. फोटो त्यांच्याकडे असतोच, लगेच नवं देतात, जुनं आपोआप बंद पडतं. आणि खिडकीच्या खोलीच्या नादी लागायचं नाही. खोलीत माणूस झोपायलाच जातो. डोळे मिटल्यावर खिडकी काय, भिंत काय!"

शेजारी बसलेली हेझल, त्याची बायको, अशा वेळी मान डोलवायची. क्लिफर्ड निवृत्त झाल्यापासून दोघांनी भूमध्य समुद्र पालथा घातला होता, पण दरवेळी जहाजाच्या पोटातल्या, आतल्या बाजूच्या खोलीत राहून. दिवा घालवला की त्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही. उजाडलं की नाही हे क्लिफर्डच्या घड्याळाला विचारायचं. पहिल्या सफरीत ती एकदा घाबरून उठली आणि दार शोधत भिंती चाचपत राहिली. "सवय होईल, राणी," तो म्हणाला. सवय काही झाली नाही. सांगणं तेवढं बंद झालं.

जहाजावर ज्याचं त्याचं कार्ड असतं. खोली त्यानेच उघडते, बिअर त्यावरच मिळते, बंदरात उतरताना आणि परत चढताना तेच दाखवायचं. या दोघांची दोन्ही कार्डं क्लिफर्डच्या गळ्यातल्या पट्ट्याला. फार पूर्वी हेझल आपलं कार्ड पोहण्याच्या तलावापाशी विसरली होती, तेवढं निमित्त पुरलं. फोन तिजोरीत, कारण समुद्रावर फोन लावणं म्हणजे घरात चोराला बोलावणं. पासपोर्ट तिजोरीत. तिजोरीचा आकडा क्लिफर्डच्या डोक्यात. हे सगळं तिच्या सोयीसाठी, आणि अडचण तीच होती. मारझोड करणारा नवरा असता तर कुणाजवळ तरी रडता आलं असतं. हा तर थंडीत तिच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायचा. अशा माणसाची तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

त्या संध्याकाळी गोड यायच्या वेळी भोंग्यावर कप्तानाचा आवाज आला. जिब्राल्टरला वारा फार आहे, आत शिरता येणार नाही. त्याऐवजी उद्या स्पेनमधलं कार्ताहेना.

हेझलच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. कार्ताहेनात लिनेट राहत होती. त्यांची एकुलती एक मुलगी.

क्लिफर्डने इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात उभं आयुष्य काढलं होतं. पोरीच्या अंगाला तो वास लागू नये म्हणून तिला शिकवलं, आणि ती स्पेनला शिकवायला म्हणून गेली ती मंडईत खारवलेली मासळी विकणाऱ्या हिनेसशी लग्न करून बसली. लग्नाच्या पंगतीत क्लिफर्ड पेला घेऊन उठला आणि म्हणाला, "एवढं शिकवलं, तरी पोरगी शेवटी माशांतच गेली!" त्याला वाटलं, विनोद झाला. कुणी हसलं नाही. जावयाला इंग्रजी चांगलं कळत होतं. लिनेट म्हणाली, "बाबा, माफी मागेपर्यंत माझ्या दारात यायचं नाही." आता क्लिफर्ड ज्याला चूकच मानत नव्हता, त्याची माफी कशी मागणार! "तू एकटी गेलीस, तर मला टाकून गेलीस असं होईल," असं तो हेझलला एकदाच म्हणाला होता, डोळ्यांत पाणी आणून. ती गेली नाही. तो मित्रांकडे गेला की हेझल चोरून लेकीला फोन करायची, बाकी वेळ तोंड दाबून बुक्क्यांचा मार. असं करत नऊ-दहा वर्षं सरली.

"उद्या उतरणार ना सगळे?" ऑड्रीने विचारलं. ही त्यांच्याच टेबलावरची विधवा बाई, एकटी फिरणारी आणि जिभेला हाड नसलेली.

"बदललेल्या बंदरावर मुरलेला माणूस उतरत नाही," क्लिफर्ड म्हणाला. "नवखे सगळे धावतात, जहाज रिकामं होतं, गरम पाण्याचा टब आपल्या बापाचा! आणि उतरलातच, तर साडेतीनच्या आत परत. जहाज कुणासाठी थांबत नाही. जो आला नाही त्याची तिजोरी उघडतात, पासपोर्ट धक्क्यावर ठेवतात आणि चालू लागतात. डोळ्यांनी पाहिलंय मी."

"नुसतं पाहता कुठे? शिट्ट्या मारता," ऑड्री म्हणाली.

ते खरंच होतं. निघायच्या वेळी जुने प्रवासी बिअरचे पेले घेऊन कठड्याला ओळीने उभे राहतात, आणि उशीर झालेले लोक पिशव्या सांभाळत धक्क्यावरून धावत आले की टाळ्या पिटतात. या खेळात क्लिफर्डची शिट्टी सगळ्यांच्या वर. दोन बोटं तोंडात घालून तो लिलावात मारायचा तीच. हेझलही शेजारी उभी राहून हसायची. वरून पाहिलं की धावणारं माणूस गमतीचंच दिसतं.

खोलीत आल्यावर ती म्हणाली, "क्लिफ, लिनेट इथे आहे."

"ती कुठे आहे ते मला माहीत आहे."

"तासभर जाऊन येते. तू नको येऊस. माझं कार्ड तेवढं दे."

"तुझा गुडघा, राणी. अनोळखी गाव, उन्हाची वेळ. आणि तिला यायचं असतं तर ती आली असती." त्याने तिची गोळी काढून दिली, पाण्याचा पेला दिला आणि दिवा घालवला.

हेझल अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. पेटीत घालून वर झाकण लावावं तसं तिला झालं. ओरडावंसं वाटलं. पण शेजारच्या खोलीतले काय म्हणतील, या विचाराने तिने उशीचा कोपरा दातांत धरला. एवढ्या मोठ्या जहाजावर रडायला एक जागा नव्हती.

सकाळी न्याहारी झाल्यावर क्लिफर्ड टॉवेल घेऊन टबाकडे निघाला. "तू विणायला बस ऑड्रीबरोबर. जहाज सुटताना कठड्यापाशी भेटू."

विणकामाची खोली मोठ्या काचेची. बाहेर गाव अगदी हाकेच्या अंतरावर. गल्लीतून पाव घेऊन चाललेली बाई दिसत होती. हेझलच्या सुईवरचे टाके सुटत गेले.

"अगं, काय विणतेयस, मासे धरायचं जाळं?" ऑड्री म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बदलला. "काय झालं?"

हेझलने सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच.

"मग जा की!"

"कार्ड त्याच्या गळ्यात आहे."

"तुझाच नवरा काल सूप गार होईपर्यंत काय सांगत होता? कार्ड हरवलं तर काय करायचं?"

हेझलने सुया खाली ठेवल्या. हा सल्ला तिने इतक्या वेळा ऐकला होता. तो आपल्यालाही लागू आहे हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रिसेप्शनवर मारिसेल नावाची फिलिपिनो मुलगी होती. "कुठे हरवलं, मॅडम?"

हेझलला खोटं बोलायची सवय नव्हती. "नवऱ्याच्या गळ्यात," ती म्हणाली.

मारिसेलने मान खाली घातली, ओठ घट्ट मिटले आणि कार्ड छापून दिलं. "आता जुनं चालणार नाही," एवढंच म्हणाली.

मंडई विचारत विचारत सापडली. फोनवर ऐकून ऐकून हेझलला ती पाठ होती: आधी ऑलिव्हवाला, मग अंडीवाली म्हातारी, मग आपला गाळा. लिनेट पाठमोरी उभी राहून सुकवलेल्या ट्यूनाच्या पातळ चकत्या कापत होती. केस पांढरे व्हायला लागले होते. हे तिने फोनवर सांगितलं नव्हतं.

"लिनेट."

सुरी फळीवर तशीच राहिली. "आई?" मग लिनेटने वळून पाहिलं, आईच्या मागे पाहिलं, पार मंडईच्या दारापर्यंत पाहिलं. "बाबा?"

"तुझा बाप टबात आहे."

लिनेटला हसू फुटलं आणि हसता हसताच ती आईच्या गळ्यात पडली. मासळीचा वास होता तिच्या अंगाला, मिठाचा, ऊन खाल्लेल्या माशाचा. ग्रिम्सबीच्या घरात क्लिफर्ड कामावरून आला की दारात यायचा तसा. हेझलने नाक तिच्या खांद्यात खुपसलं आणि भरपूर रडली. इथे कुणाला काही वाटलं नाही. उलट अंडीवाली म्हातारीही लांबून डोळे पुसत होती.

साडेतीनला परत जायचं आहे हे हेझलने आल्या आल्या सांगितलं होतं. पण त्या गावात दोन वाजल्याशिवाय जेवायला कुणी बसत नाही, आणि बसलं की उठत नाही. हिनेसने गाळा बंद केला, घरी नेलं, माशाच्या रश्शातला भात वाढला. तो बोलताना तिला अहोजाहो करत होता आणि माशाचे काटे काढून तिच्या ताटात घालत होता. हेझलने घड्याळ पाहायचं मुद्दाम टाळलं असं नाही. पाहायची सवयच नव्हती. ते काम क्लिफर्डचं.

"राहा ना," लिनेट म्हणाली.

"कपडे नाहीत, गोळ्या नाहीत."

"आमच्या गावात औषधाची दुकानं नाहीत का?"

"तो एकटा आहे गं," हेझल म्हणाली आणि उठली. तेव्हा लिनेटने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ती किंचाळली.

हिनेसची गाडी धक्क्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा जहाजाचे दोर सोडायची तयारी चालली होती. एकच जिना अजून लागलेला, आणि त्याच्या पायथ्याशी जहाजावरचा एक अधिकारी, हातात तिचा पासपोर्ट घेऊन उभा. हेझल झपाझप चालू लागली, मग धावू लागली. मागून लिनेट. गुडघ्यातून कळ आली. आणि वरून टाळ्या सुरू झाल्या.

तिने मान वर केली. कठड्याला ओळीने माणसं, पेले, हसरी तोंडं. त्या सगळ्यांच्या वर ती शिट्टी. त्याला कळलं नव्हतं. टबातल्या गाण्यांच्या गोंगाटात त्याला तिच्या नावाचा पुकारा ऐकू गेला नसणार. खाली धावणारी कुणीतरी वेंधळी म्हातारी त्याला दिसत होती. हेझलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती थांबली.

शिट्टी मध्येच तुटली.

"हेझल?" मग कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून, "अगं पळ! पळ, हेझल!"

"मॅडम, आता लगेच चढावं लागेल," अधिकारी म्हणाला.

जिन्याच्या वर जहाजाचं दार उघडं होतं. त्यातून आतला बोळ दिसत होता, दिवसाढवळ्या दिवे लावलेला. हेझल त्या बोळाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तेवढ्या मोठ्याने ओरडली, "क्लिफ! तू खाली ये!"

टाळ्या थांबल्या. लिनेट तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, धापा टाकत, अंगात मंडईचा ॲप्रन. वर क्लिफर्डने मुलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जिना अजून लागलेला होता. पायांत जोर असलेला माणूस सहज उतरला असता.

क्लिफर्डने घड्याळाकडे पाहिलं.

हेझलने अधिकाऱ्यापुढे हात केला. त्याने पासपोर्ट तिच्या हातावर ठेवला आणि तो वर गेला. जिना आत ओढला गेला. वर कुणीतरी एकटंच टाळ्या वाजवू लागलं. ती ऑड्री होती.

जहाज हळूहळू धक्क्यापासून सुटलं. क्लिफर्ड कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता, गळ्यात दोन कार्डं घेऊन. हेझलने हात हलवला. त्यानेही हलवला, अर्धवट, जणू परवानगी नसल्यासारखा.

इतक्या सफरी करून तिने सुटणारं जहाज काठावरून कधी पाहिलं नव्हतं. केवढं पांढरं, आणि किती खिडक्या!

"तुमची खोली कुठली गं?" लिनेटने विचारलं.

हेझल शोधत राहिली, पण बाहेरून ती दिसणार कशी?