रेश्माचं कोपर

आमच्या गावात हात दुखला की औषध एकच, रगडा. माझा थोरला भाऊ आकाराम तर जुना पैलवान. त्याच्या घरात ताप आला तरी आधी तेलाची वाटी पुढं यायची.

त्याची पोरगी रेश्मा, माझी भाची, बेसबॉल खेळते. चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर. इस्लामपूरला माझ्याकडं राहून कॉलेज करायची आणि राज्याच्या संघात तिची निवड जवळजवळ झालीच होती. तिला शिकवायला हिरोसेसान होते. जपानात क्लबाकडून पगारी पिचर म्हणून खेळलेला हा माणूस दर थंडीत आमच्याकडं यायचा, कांदाभजी मागून खायचा आणि मराठीतला एकच शब्द ठणकावून बोलायचा, "नको."

सांगली आणि साताऱ्याचा अंतिम सामना पलूसला होता. आदल्या दिवशीचा सामना रेश्मानं एकटीनं टाकून काढला आणि तिचं कोपर टरारून सुजलं. हिरोसेसाननी नुसतं बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "उद्या नको." संघाच्या सरांनीही मान डोलावली.

मग हिरोसेसान फोनवरच्या भाषांतरातून बोलले. शाळेत असताना एका मोठ्या स्पर्धेत भर उन्हात ते रोज चेंडू टाकत राहिले, दुखऱ्या हातानं अंतिम सामनाही जिंकला. सगळा देश रडला म्हणे. क्लबानं वाजतगाजत घेतलं आणि पहिल्याच वर्षी कोपर फाडावं लागलं. मग पुन्हा फाडलं. एक हंगाम बरा गेला, नंतर राखीव, नंतर दुसऱ्यांच्या सरावासाठी चेंडू टाकायचे, आणि शेवटी घर. "लोक अजून त्या सामन्याबद्दल आभार मानतात," फोन बोलला. "हाताबद्दल कुणी विचारत नाही."

सामन्यासाठी गावाकडनं आलेल्या आकारामनं हे सगळं ऐकलं आणि संध्याकाळी कोमट तेल घेऊन बसला.

"आण्णा, सुजलंय ते! डॉक्टरला दाव आधी," मी ओरडले.

"गप गं. कळ आल्याबिगर हात मोकळा हुतोय व्हय?" म्हणत त्यानं अंगठ्यानं असं रगडलं की पोरगीनं ओढणी दातात धरली. त्याच्या हातात माया होती, हे मी नाकारत नाही. पण मायेनं केला म्हणून गाढवपणा शहाणपणा ठरत नाही!

दुसऱ्या दिवशी हिरोसेसाननी तिला बाकावर बसवलं. सांगली मागं पडली तशी माणसं दोरीपाशी सरकली. आमचे पुढारी राजवर्धनदादा माइकवरनं गरजले, "सांगलीची वाघीण कुठं हाय?" आकाराम तर मैदानातच घुसला. "पैलवानाची पोर हायस! सलामी झाल्यावर आखाडा सोडत्यात व्हय गं?" संघाच्या सरांनी दादांच्या तोंडाकडं बघितलं आणि रेश्माला खूण केली. हिरोसेसान हात पसरून तिला आडवे आले. "नको! नको!" लोक खो खो हसले. रेश्मा त्यांना वळसा घालून गेली. बाप बघत होता, दुसरं काय करणार ती?

सांगली जिंकली. शेवटचा चेंडू टाकून रेश्मा कोपर धरून तिथंच बसली. कोपराची हाडं धरून ठेवणारा आतला बंध तुटला होता. ऑपरेशन झालं, पण पुन्हा टाकता येईल असं डॉक्टर छातीठोक सांगेनात. राज्याचा संघ तिला मागं ठेवून गेला.

आणि या दीडशहाण्यांनी गावात सत्कार ठेवला! फेटे, हलगी, चौकात बापलेकीचा फ्लेक्स. लाज म्हणून नाही कुणाला. रेश्मा उजवा हात झोळीत घेऊन स्टेजवर चढली. दादांनी ढाल पुढं केली. तिनं डावा हात लांबवला, तशी त्यांनी ढाल मागं घेतली.

"पोरी, मानाची ढाल डाव्या हातानं घेत्यात व्हय? उजवा फुडं कर."

मी बायकांच्यातनं उठले. "उजवा तुमीच घेतलासा की, दादा! आता कुठनं आणायचा तिनं?"

मग कुणीतरी घाईघाईनं टाळ्या सुरू केल्या, आणि सगळेच वाजवायला लागले.