काढलेला बोया

समुद्राच्या तळाशी लोखंडी चौकटीला प्रवाळाचे तुकडे बांधताना रोस्तिनाच्या अंगावर सावली पडली. वर होडी थांबली होती. तळाचं हिरवं ठिगळ तिनेच मारलेलं. होडी तिच्या धाकट्या भावाची, लाबाज्जोची.

इथे मासे परतलेत हे बॉम्ब टाकून मासे मारणाऱ्यांना कळू नये, म्हणून सकाळी तिनेच जागेची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा बोया काढायला लावला होता.

"मग खाली माणूस आहे हे वरच्यांना कसं कळायचं, ताई?" आणखी चौकटी आणायला बेटाकडे परतताना कामातल्या जोडीदाराने विचारलं होतं.

"इथे येतंय कोण मरायला?" ती खेकसली होती.

वरून एक बाटली पाण्यात पडली आणि पाण्यातही न विझणारी पेटती वात घेऊन तिने जगवलेल्या माशांच्या घोळक्यात सावकाश उतरू लागली.