गुरुवारचं औषध

श्रीपती आबांनी बोटानं खालची पापणी ओढली आणि चेहरा उन्हाकडे केला.

"बघा की जवळ येऊन. हाय का पिवळं?"

ओसरीवरच्या माणसांनी माना हलवल्या. आंबी गावात आबांच्या काविळीच्या मुळीचं नाव मोठं होतं. दर गुरुवारी माणसं उपाशीपोटी यायची, आणि आबा कुणाकडून दमडी घेत नसत. घ्यायचे तो फक्त मान, आणि तो मात्र पोटभर घ्यायचे.

त्यांच्याच अंगावर कावीळ चढली तेव्हा मात्र लेकीकडे जातो असं गावाला सांगून ते गुपचूप दवाखान्यात दाखल झाले होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. पित्ताच्या वाटेत नळी बसवली तेव्हा कुठे डोळे निवळले.

"कॅन्सर आहे तिथंच आहे," डॉक्टरांनी सून यशोधराला बजावलं होतं. "कावीळ उतरलीय तोवरच किमो सुरू करता येईल. नळी तुंबली, पुन्हा कावीळ चढली, की आमचे हात बांधले जातील."

मागच्या गुरुवारची किमोची तारीख आबांनी अशीच घालवली होती. आज दारात गाडी उभी होती आणि यशोधरा फाइल काखेत धरून कधीची ताटकळत होती.

"आबा, निघायचं ना?"

"एवढा एक बघतो."

तो एक म्हणजे भुशी गावचा बजरंग. नवरदेवाला हळद लावावी तसा पिवळा झाला होता. बोलत होती त्याची बायकोच.

"डॉक्टर म्हनतो, पोटाचा स्कॅन काढा, मोठ्या दवाखान्यात जावा. आमी म्हनलं, आदी आबांकडं जाऊ."

यशोधराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सासऱ्याचं बिंग तिनं आजवर झाकलं होतं. आता झाकवेना.

"आजच दवाखान्यात जा," ती म्हणाली. "आबांची कावीळ मुळीनं नाही उतरली. पोटात नळी घातलीय त्यांच्या. आत्ता किमोला न्यायचंय, गाडी त्यासाठीच थांबलीय."

बजरंगानं आबांकडे पाहिलं.

"व्हय आबा? खरं हाय ह्ये?"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. आबा आणि बजरंग, दोघंही दवाखान्याच्या गाडीत बसले असते. यशोधरानं मनातल्या मनात देवाचा धावा केला. आबांचा हात सदऱ्यावरून पोटाशी गेला, तिथंच थांबला. मग ते हसले.

"सुनंला माजं हितं बसनं खपत न्हाई. किमोचा मानूस असा बसंल व्हय?"

"तर काय," बजरंगाची बायको म्हणाली. "बरं झालेलं मानूस घरच्यांनाच बघवत न्हाई."

यशोधराला रडू फुटलं. खोटं उघडं पडलं म्हणून रडते, असंच सगळ्यांनी धरलं.

आबांनी मुळीचा रस बजरंगाच्या ओंजळीत ओतला. त्यानं तो डोळे मिटून प्यायला आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना त्याचा तोल गेला.

"ह्याला येष्टीनं धाडू नगा," आबा म्हणाले आणि ड्रायव्हरकडे वळले. "अमृत, तुजी गाडी रिकामीच हाय. भुशीला सोडून ये."

अमृतनं यशोधराकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. गाडी बजरंगाला घेऊन वळली आणि रस्त्याला लागली.

"हं," आबा म्हणाले, "फुडं कोन हाय?"