बरोबरीची सवय

भगवंतमामा पिंपरी पेंढारच्या जत्रेत तीस वर्षं पंच. त्यांनी किती कुस्त्या बरोबरीत सोडवल्या, त्याला गणती नाही. दोन गावांचे पैलवान भिडले, की घटकाभर झुंज बघायची आणि दोघांचेही हात वर करायचे. "भांडान आखाड्यातच मिटलं पायजे," म्हणायचे. त्यांची सून तेजस्विनी लग्नाआधी कुस्ती खेळलेली; पंचगिरी मात्र ती मामांच्या शेजारी उभी राहूनच शिकली.

आता तिला जागतिक कुस्ती संघटनेचा पंचपरवाना हवा होता. नियमांचं पुस्तक तिने तान्ह्या आदेशला पाजता पाजता पाठ केलं. लेखी परीक्षा झाली. उरलं प्रात्यक्षिक: पेठच्या हॉलमध्ये, मॅटवर, दोन मुलींची लढत. संघटनेच्या परीक्षक बाई परदेशातून पडद्यावर बघणार आणि त्यांचं बोलणं दादाभाऊ मास्तर मराठीत सांगणार. या खेपेला नापास, तर दोन वर्षं थांबायचं.

"घाबरू नगं," मांडीवरच्या नातवाला थोपटत मामा म्हणाले. "ह्यो रडला तरी मी हाय."

"तुमी रडू नका म्हंजे झालं, मामा."

लाल पोशाखात जुन्नरची फरहा, निळ्यात तळेघरची रोहिणी. तेजस्विनीची नजर कुठं म्हणून चुकली नाही. अगदी शेवटच्या क्षणी रोहिणीने फरहाला रेषेबाहेर रेटून एक गुण घेतला. शिट्टी. गुण तीन-तीन.

तेजस्विनीने दोघींची मनगटं धरली आणि दोन्ही हात वर केले.

पडद्यावरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. फरहा तेवढी हसली, हरता हरता वाचल्यासारखी.

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, ही काय जत्रा हाय व्हय!"

तेव्हा तेजस्विनीला आठवलं. इथं बरोबरी नसतेच. गुण सारखे आणि डावही तोलामोलाचे, तर शेवटचा गुण जिचा तिची कुस्ती. तिने फरहाचा हात खाली घेतला. घामेजलेलं मनगट क्षणभर खाली यायला तयार नव्हतं.

"विचारतायत, असं का केलंत?" दादाभाऊ म्हणाले. "नियम माहीत नव्हता?"

काहीतरी जुळवून सांगता आलं असतं.

"माहीत होता," तेजस्विनी म्हणाली. "हाताला सवय गावची. चूक माझी."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग दादाभाऊंचा चेहरा सैल झाला. "गुण कापलेत, पण पास आहात. बाकी शिट्टी, नजर, सगळं नीट. फक्त म्हणतात, निकाल फिरवताना आधी त्या मुलीशी एक शब्द बोलायचा होता."

मामांनी बाळ पुढं केलं. ते भुकेनं मुठी चोखत होतं. "घ्या, पंचबाई."

"दोन मिन्टं धरा, मामा."

भिंतीकडे तोंड करून फरहा बुटांच्या नाड्या सोडत होती. तेजस्विनी तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसली.